मोटरबोटीसाठी बॅटरी: पाण्याची, एजीएम की लिथियम?

बॅटरीची किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी ठरवा: ती बोटीत कुठे बसणार आणि चार्ज कशावर होणार.

पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी सर्वांत स्वस्त, पण चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो सुमारे ४ टक्के झाला की एका ठिणगीने भडका उडतो. हलका असल्याने तो झाकणाखाली साचतो, म्हणून बॅटरीच्या कप्प्याला वरच्या बाजूला झरोका हवाच. चार्जिंगआधी प्लेटा जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीचं पूर्ण चार्ज झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं, तर चार्जिंगमध्ये पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं. दर महिन्याला झाकणं उघडून पाहणं जमणार नसेल, तर ही घेऊच नका.

एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं. कलंडली तरी सांडत नाही, लाटांचे दणके सोसते. मात्र जास्त चार्जिंगने एकदा सुकली की तिच्यात पाणी भरता येत नाही. चार्जरला एजीएम मोड हवा, साधारण १४.४ ते १४.७ व्होल्टचा, इक्वलाइज मोड (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणारा) बंदच ठेवा. फक्त इंजिन सुरू करायचं असेल, तर आमचा कौल हिलाच.

दिवसभर इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर (बोट संथ चालवणारी छोटी मोटर) चालवणाऱ्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचा विचार करावा. १०० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची लेड-ॲसिड २५ ते ३० किलोची, ही साधारण १२ किलोची. शिवाय लेड-ॲसिड निम्मीच वापरावी, ही ८० टक्क्यांपर्यंत. अडचण चार्जिंगची आहे. ती अल्टरनेटरकडून (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राकडून) खूप करंट ओढते, त्यामुळे तो तापून जळू शकतो. आणि बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) मध्येच बॅटरीची जोडणी तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. म्हणून अल्टरनेटर आणि लिथियम बॅटरीच्या मध्ये करंट आटोक्यात ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर लावा. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नका. स्टार्टरसाठी चालेल असं निर्मात्याने लिहिलेलं नसेल, तर इंजिनाची बॅटरी वेगळी ठेवा.

बॅटरी कोणतीही असो, चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद हवा. पेट्रोलची वाफ जड असते, बोटीच्या तळाशी साचते. आधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी.

बोट बंद ठेवताना लेड-ॲसिड आणि एजीएम पूर्ण चार्ज करून ठेवा. काही तास विसावल्यावर व्होल्टेज १२.४ च्या खाली दिसलं तर लगेच चार्ज करा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. लिथियम मात्र निम्मी चार्ज करून, सगळ्या तारा सोडवून ठेवा.