बडोद्यात जेट स्की रंगवायला देताय? आधी आमचं काय झालं ते वाचा

बडोद्यात कोणी जेट स्की (पाण्यावरची स्कूटर), फायबरची बोट असलं काही रंगवायला देणार असेल तर थांबा जरा. मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) बाजूला शेड टाकून बसलेल्या एका पेंटरने आम्हाला 42 हजाराला चुना लावलाय. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

माझा मामेभाऊ दीवला नागोआ बीचवर जेट स्की फिरवून पोट भरतो. त्याला एक जुनी इथल्याच पार्टीकडून मिळाली, इंजिन ठणठणीत पण खालचा हल, म्हणजे पाण्यात बसणारा फायबरचा सांगाडा, पार गेलेला, ट्रेलरवर घासून घासून जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) उडालेला आणि पुढच्या बाजूला तर फायबरची जाळी दिसत होती. पावसाळ्यात तिकडे धंदा बंदच असतो, म्हटलं इथेच रंगवू आणि मग नेऊ.

पेंटर एकदम गोडबोल्या. "साहेब, चिंता ना करो, नवी जेवी करी आपीश", म्हणजे नव्यासारखी करून देईन. कोटेशन हाताने लिहिलेलं, त्यात पूर्ण घासाई, इपॉक्सी प्रायमर, वर टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा, दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग), सगळं छान छान. टेबलावर भारी कंपनीचे डबे हार्डनरसकट मांडलेले. ते डबे शोभेचे होते, आत कधीचं काही नव्हतं, हे नंतर त्याच्याच शेडमधल्या पोऱ्याने सांगितलं. 30 हजार ॲडव्हान्स, बाकीचे डिलिव्हरीला, पक्कं बिल मागितलं की "आपीश ने", देईन की.

आता खरं काम काय असतं ते सांगतो, कारण चोरी तिथेच होते, रंगात नाही. जुन्या हलवर वर्षानुवर्षांचं वॅक्स-पॉलिश बसलेलं असतं. ते आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसून काढायचं आणि मगच सँडपेपर मारायचा, उलट केलं तर तेच वॅक्स घासून आत बसतं आणि वरचा प्रायमर धरत नाही. स्टिकर, बाजूचे स्पॉन्सन (कडेला बसवलेले पंखे), खालची राइड प्लेट (तळाची पट्टी) खोलायची. खड्डे इपॉक्सी फिलरने भरायचे, गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) नाही, तिच्यात टाल्क असतं, ती पाणी पिते. मग 220, 320 चा पेपर, मग प्रायमर, मग पीयू, आणि हे सगळं कोरड्या हवेत, दमटपणा 85 टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे गनला हातच लावायचा नाही. हे सगळं वेळखाऊ आणि अंगमेहनतीचं, आणि रंग चढला की यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तर यांचं फावतं. आमच्याकडे बाहेर धो धो पाऊस आणि हा उघड्या शेडमध्ये तोंडाला रुमाल बांधून फवारत होता. खरा पीयू मारणारा असं करणारच नाही, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाची वाट लागते.

डिलिव्हरीला काय चमकत होती म्हणून सांगू! मामी तर हळदकुंकू घेऊनच आली.

दीवला सीझन चालू होऊन थोडेच दिवस झाले आणि पापुद्रे सुटायला लागले, कणीएवढे नाही, पोळीएवढे. भावाने एक पाठवला तो अजून माझ्याकडे आहे, त्याची मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि तिच्यावर जुन्या स्टिकरची कड जशीच्या तशी उमटलेली. म्हणजे पेपर सोडाच, स्टिकरसुद्धा काढला नव्हता. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये फडकं बुडवून हलवर घासलं तर फडकं पिवळंधम्मक. नीट वाळलेला टू-के पीयू थिनरने असा सुटत नाही, हा साधा एनसी रंग होता, फर्निचरवर मारतात तो. पैसे द्यायच्या आधी कोपऱ्यात हे फडकं फिरवाच, पेंटर नको नको म्हणाला तर समजून जा. आणि प्रत्येक टप्प्याला, म्हणजे घासून झाल्यावर, प्रायमर झाल्यावर, स्वतः जाऊन हात फिरवून बघा, पैसेही तसेच टप्प्याटप्प्याने द्या.

अजून एक, मागच्या बाजूला 12 अक्षरी हल नंबर (जेट स्कीचा ओळख क्रमांक) असतो, त्याच्या खाचांत यांनी लांबी भरून सपाट केलंय! उद्या विकताना किंवा इन्शुरन्सला काय दाखवायचं? नंबरवर टेप लावून घ्या आणि आधीच फोटो काढून ठेवा.

पेंटर आता म्हणतो खाऱ्या पाण्याने झालं. अरे, जेट स्की काय विहिरीत चालवायची?

1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय. धंद्याची वस्तू म्हणून ग्राहक धरणार नाहीत असं एकाने घाबरवलं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर 2019 च्या कायद्यात ग्राहकच धरतात, आणि 5 लाखापर्यंतच्या केसला ग्राहक आयोगात फी पण नाही. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची एंट्री, हाताने लिहिलेलं कोटेशन आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवलेत, तेच कामाला येतायत.

हल सध्या दुसरीकडे उघडा करून ठेवलाय, सगळं खरवडायचं म्हणजे नव्याने रंगवण्यापेक्षा जास्त खर्च. आणि तो पेंटर मजेत आहे, परवा कळलं की आता कोणाच्या तरी फार्महाऊसवरच्या स्विमिंग पूलच्या घसरगुंड्या रंगवायला घेतल्यात. ओळखीत कोणाचं असेल तर आजच फोन करा.