एका विलापाचे मूळ पान: स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संगीतसंग्रह

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्याकडील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील छापील संगीतपुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर विनामूल्य खुली केली आहेत. या सेवेचे मोल कळण्यासाठी एखादी ओळखीची धून घेऊन तिचा माग काढावा. मी त्यासाठी नील गाऊ या फिडलवादकाने (फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजवले जाणारे व्हायोलिन) आपल्या दुसऱ्या पत्नीच्या मृत्यूनंतर रचलेला विलाप निवडला. फिडल वाजवणाऱ्यांच्या बैठकींत तो आजही आवर्जून वाजवला जातो; पण बहुतेकांकडे तो ऐकीव स्वरूपात किंवा अलीकडच्या स्वरलेखनातून आलेला असतो.

नील गाऊ (1727–1807) पर्थशायरमधील डन्केल्डजवळच्या इनव्हर या गावचा. अॅथलच्या ड्यूकचा त्याला आश्रय होता आणि नृत्याच्या मेजवान्यांत त्याच्या फिडलला मोठी मागणी असे. मार्गारेट अर्कहार्टशी त्याचा विवाह 1768 मध्ये झाला आणि 1805 मध्ये ती वारली. त्याची मुले पहिल्या पत्नीची होती. दुसरीला अपत्य नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ सोबत राहिलेल्या या जोडीदारासाठी, सत्तरी कधीच ओलांडलेल्या वादकाने ही धून बांधली. ती छापून आली मात्र त्याच्या मृत्यूनंतर, 1809 मध्ये, त्याचा मुलगा नॅथॅनियल याने एडिनबरा येथून काढलेल्या, गाऊ घराण्याच्या चालींच्या पाचव्या संग्रहात.

या छापील रूपाकडे लक्षपूर्वक पाहावे. शोकगीत म्हटले की आपण उदास मायनर स्वरसप्तकाची अपेक्षा करतो. हा विलाप मात्र डी मेजरमध्ये, म्हणजे सहसा उजळ वाटणाऱ्या स्वरसप्तकात, आहे. दुसऱ्या भागात चाल वरच्या स्वरांत चढते आणि दुःख तिथेच सर्वाधिक जाणवते. गाऊ घराण्याच्या या पुस्तकांत चालीखाली खर्जाची ओळही दिलेली असते, आणि एकट्या फिडलवर ऐकताना तिचा विसर पडतो. नीलचा भाऊ डोनाल्ड त्याला चेलोवर, म्हणजे खर्जातल्या स्वरांच्या मोठ्या तंतुवाद्यावर, साथ करीत असे, हे ठाऊक असले की ती ओळ केवळ सजावटीची वाटत नाही.

या डिजिटल संग्रहाचा दुसरा मोठा लाभ तुलनेचा आहे. गाऊ मंडळींनी विल्यम मार्शल या समकालीन रचनाकाराच्या काही चाली नावे बदलून आणि त्याचा उल्लेख न करता छापल्या, हा आक्षेप जुना आहे. नीलबद्दल मला कितीही आदर असला तरी तो आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मूळ पुस्तके समोरासमोर ठेवली की वाचक स्वतः निवाडा करू शकतो. ग्रंथालयातील हा ठेवा मुख्यतः ग्लेन आणि इंग्लिस या दोन संग्रहांतून आला आहे. त्यांपैकी पहिल्याचा पाया घालणारे जॉन ग्लेन हे वाद्यनिर्माते होते आणि कोणती चाल कोणाची, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर जिव्हाळ्याने अभ्यासला.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन, वाचता येणाऱ्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांना हा संग्रह मी निःसंकोच सुचवेन. जुन्या छपाईतील अक्षरवळण आणि शब्दांचे बदलते लेखन यांमुळे शोध घेताना थोडी चिकाटी लागते, म्हणून धुनेच्या नावाऐवजी पुस्तकाच्या नावाने शोधणे सोयीचे. शिवाय किती संथ वाजवायचे आणि कोठे रेंगाळायचे, हे छापील पानावरून पुरते कळत नाही. त्यासाठी एखाद्या जाणत्या वादकाचे वादन आधी ऐकावे आणि मग पान उघडावे.