परदेशातलं जेवण: शंभर ग्रॅमचा भाव आणि रुपयांचं बटण

मुंबईत सिटीलाइटच्या मासळी बाजारात कल्ले उचलून बघितल्याशिवाय पापलेट पिशवीत न टाकणारा माणूस मिलानमध्ये क्लायंटसमोर बसला की भाव विचारायला लाजतो. सगळी लूट त्या लाजेवर चालते. त्यातलं बरंचसं मेन्यूत बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्यामुळे मागाहून तक्रारही टिकत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा माशाचा. इटलीत किमतीपुढे 'एत्तो' असेल तर तो आकडा 100 ग्रॅमचा, प्लेटचा नव्हे. 9 युरो स्वस्त वाटतात. वेटर बर्फावरचा अख्खा मासा आणून दाखवतो, टेबलावरचे दोघंही कौतुकाने माना डोलावतात आणि ती मान म्हणजेच ऑर्डर. मासा भरतो 1 किलो 400 ग्रॅम; झाले 126 युरो. वजन सहसा कच्च्या, अख्ख्या माशाचं धरतात, म्हणजे डोकं आणि काटेही त्याच भावाने. दोघांना 800 ते 900 ग्रॅमचा पुरतो, पण ट्रेमध्ये लहान मासा कशाला येईल? मान डोलवायच्या आधी वजन आणि पूर्ण किंमत विचारा आणि आकडा त्याच्या पॅडवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेल्या 'आजच्या खास' पदार्थालाही हाच नियम. मेन्यूत नावापुढे बारीक चांदणी दिसली तर इटलीत तो माल बहुधा फ्रोझन असतो. त्याला ताज्याचा भाव कशाला द्यायचा?

इटलीत पाव आणि 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, यांचे माणशी दोन-तीन युरो मेन्यूत छापलेले असतील तर भांडू नका. लिस्बनला मात्र न मागता आलेले ऑलिव्ह आणि चीज हात न लावता परत पाठवा, पैसे लागत नाहीत.

आता कार्डाचं मशीन. भारतीय कार्ड दिसलं की स्क्रीनवर दोन आकडे येतात: युरोतला आणि रुपयांतला. वेटर मशीन स्वतःकडे वळवून रुपये दाबतो, वर 'तुमच्या सोयीसाठी' म्हणतो. सोय त्यांची, कारण त्या दरातला फरक रेस्टॉरंट आणि मशीनवाली कंपनी वाटून घेतात. समजा युरो 100 रुपये आहे आणि मशीनचा दर 6 टक्के चढा. 240 युरोंचं बिल 24,000 ऐवजी 25,440 होतं. भारतातल्या अनेक बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावरही शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावतात. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर आणखी वाईट: युरोचे रुपये आणि रुपयांचे परत युरो, उलटा-सुलटा प्रवास. मशीन स्वतःच्या हातात घ्या, स्थानिक चलन निवडा. चुकून रुपये दाबले गेलेच तर टेबलावरून उठू नका. तो व्यवहार तिथेच व्हॉइड, म्हणजे रद्द, करून नव्याने करायला सांगा. निवड न विचारता रुपये लावले असतील तर स्लिप दाखवून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे पैशांचा परतावा, मागता येतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022च्या सूचनांनंतर मुंबईत 'सर्व्हिस चार्ज काढा' म्हणायला आपण शिकलो. लंडनमध्येही बिलातले 12.5 टक्के 'ऐच्छिक' असतात, काढता येतात. ते दिल्यावर मशीन पुन्हा टिप विचारतं, तिथे शून्य दाबा. सिंगापूरला किमतीपुढे '++' असेल तर आधी 10 टक्के सर्व्हिस, मग त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. 100 डॉलरची डिश 119.90ला पडते.

उठण्याआधी पदार्थवार बिल मागा. कार्डाच्या स्लिपवर नुसता एकूण आकडा असतो आणि बीकेसीतल्या ऑफिसचं अकाउंट्स खातं तेवढ्यावर क्लेम पास करत नाही. थर्मल कागदावरची शाई उडते, त्यामुळे फोटो त्याच रात्री काढा: ओळी, तारीख आणि कर स्पष्ट दिसतील असा.