पंचवीस मिनिटांत अकराशे लिटरचा फिशटँक ‘साफ’ करणारा माणूस

घरात मोठा फिशटँक असेल आणि त्याची देखभाल तुम्ही महिन्याच्या करारावर कुणाला दिली असेल, तर पुढच्या खेपेला तो माणूस किती वेळ थांबतो ते घड्याळात बघा. मी नऊ महिने बघितलं नाही. त्यात आमचे तीन मासे गेले आणि चाळीस हजार रुपयेही.

आमचा टँक सात फूट लांब, अडीच फूट रुंद आणि तेवढाच उंच. पाणी साधारण अकराशे लिटर. नुसत्या पाण्याचं वजन टनाच्या वर, म्हणून नाशिकच्या आमच्या रो-हाऊसमध्ये तो तळमजल्यावरच ठेवलेला. त्यात अकरा वर्षांचा सिल्व्हर अरोवाना होता. ह्यांनी त्याचं नाव ‘सरदार’ ठेवलं होतं. सोबत तीन ऑस्कर मासे. हे दर दुसऱ्या रविवारी तीस टक्के पाणी बदलायचे. पाइप मागच्या दारातून लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या आळ्यात सोडलेला असायचा. एका वहीत तारीख, किती पाणी काढलं, नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारा क्षार) किती, पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) किती, सगळं लिहायचे. नायट्रेट चाळीसच्या वर गेला की त्यांना चैन पडत नसे.

जानेवारीत ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, बरेच महिने. ओळखीतून एक माणूस मिळाला. बोलायला गोड, स्वतःचं साहित्य घेऊन येणारा. महिन्याला अडीच हजार, दोन खेपा, प्रत्येक खेपेला तीस टक्के पाणी बदलणार असं तोंडी ठरलं. कागदावर काही नाही. पैसे फोनवरून.

तो यायचा, आतून काच घासायचा, फिल्टरमधला वरचा पांढरा कापूस बदलायचा आणि पंचवीस मिनिटांत हात पुसत बाहेर. काच अशी लखलखायची की मला समाधान वाटायचं. हे आतल्या खोलीतून विचारायचे, “पाणी बदललं का गं?” मी म्हणायचे, “हो, आत्ताच गेला तो.” ते उत्तर आजही माझ्या जिवाला लागून आहे, कारण मी न बघता हो म्हणत होते.

बघायला खूप होतं. तीस टक्के म्हणजे जवळजवळ साडेतीनशे लिटर, वीस लिटरच्या सतरा बादल्या. आमच्या पाइपने एक बादली भरायला पावणेदोन मिनिटं लागतात, हे मी नंतर मोजलं. म्हणजे नुसतं पाणी काढायलाच अर्धा तास, आणि परत भरायला साधारण तेवढाच. शिवाय गच्चीवरची टाकी हजार लिटरची. तिच्यातलं एक तृतीयांश पाणी गेलं असतं तर मोटर लावावी लागली असती. तो आला त्या दिवशी मोटर कधीच लागली नाही. आणि लिंबाचं आळं कोरडं. त्याला विचारलं तर म्हणाला, “काकू, मी बाथरूमच्या जाळीत सोडतो, झाडांना मिठाचा त्रास नको.” गोड्या पाण्याच्या टँकात कसलं मीठ, हे मला तेव्हा सुचलं नाही.

प्रत्यक्षात तो फक्त उडालेल्या पाण्याची भर घालत होता. वाफ होऊन पाणीच जातं. क्षार, घाण, नायट्रेट सगळं आत राहतं आणि दाट होत जातं. पाणी पिवळं पडायला हवं होतं, पण त्याने फिल्टरमध्ये कार्बनच्या पिशव्या टाकल्या होत्या. कार्बन रंग आणि वास ओढून घेतो, नायट्रेट नाही. म्हणून पाणी आरशासारखं दिसत होतं.

दर तीन महिन्यांनी “रिंग्ज संपल्या” म्हणून अठ्ठावीसशे रुपये घेऊन फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग्ज बदलायचा. या रिंग्ज संपत नाहीत. त्यांच्या भोकांमध्ये जे जिवाणू वसतात, तेच माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवतात. त्या टँकच्याच पाण्यात हलक्या हाताने विसळायच्या असतात आणि वर्षानुवर्षं चालतात.

सप्टेंबरच्या शेवटी सरदारने खाणं सोडलं. त्या माणसाने ‘डीप क्लीनिंग’ सुचवलं, साडेनऊ हजार. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन पोरं घेऊन आला. तीन चतुर्थांश पाणी काढलं, वाळू ढवळली, फिल्टरचं सगळं सामान नळाखाली खळखळून धुतलं आणि थेट नळाचं पाणी भरलं. क्लोरीन मारायचं औषध अंदाजाने दोन झाकणं. मी हट्टाने एक ड्रम जुनं पाणी बागेसाठी ठेवून घेतलं. त्या हट्टामुळेच पुढचं सगळं कळलं.

रात्री अकराला मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. फोन केला तर म्हणाला, “नवीन पाणी आहे, सेट होईल, लाइट बंद ठेवा.” पहाटे चारच्या सुमारास सरदार कुशीवर झाला. सकाळपर्यंत दोन ऑस्करही गेले. हे काठी टेकत टँकपाशी आले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

माझा भाचा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. तिसऱ्या दिवशी सुट्टीला आला तो पाणी तपासायचं किट घेऊनच. ड्रममधल्या जुन्या पाण्याचा नायट्रेट तक्त्यावरच्या शेवटच्या 160 च्या रंगापेक्षाही गडद लाल. पीएच 5.8. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 980. आमच्या नळाचा पीएच 7.8 आणि टीडीएस 210. त्याने समजावलं की पाणी बदललं नाही तर अमोनिया पचताना तयार होणारं आम्ल पाण्यातला क्षारपणा खाऊन टाकतं आणि पीएच घसरत जातो. पीएच असा खाली गेला की जिवाणूही मंदावतात, अमोनिया साठतो, पण आम्लात तो कमी विषारी रूपात असतो. मासे त्या वाईट पाण्याला हळूहळू सरावतात. मग एका दुपारी पीएच आठच्या जवळ नेला की उरलेला अमोनिया विषारी रूपात येतो. क्षार अचानक इतके उतरल्याचा धक्का वेगळा. क्लोरीनच्या पाण्याने जिवाणू मारलेले, म्हणजे फिल्टर नावापुरता. यातलं नेमकं कशाने सरदार गेला हे आता वेगळं काढता येणार नाही, भाचा म्हणाला, पण हे सगळं एकाच दिवशी केलं गेलं.

चौथ्या दिवशी त्या माणसाचाच फोन. अरोवानाचं चार इंची पिल्लू आलंय, काकांसाठी सवलतीत देतो म्हणाला. मी ड्रममधल्या पाण्याचे आकडे वाचून दाखवले, तर फोन कट. नंतर नंबर ब्लॉक. कराराचे साडेबावीस हजार, रिंग्जचे चौऱ्याऐंशीशे, डीप क्लीनिंगचे साडेनऊ हजार, एकूण 40,400. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. पावती एकही नसल्यामुळे फोनवरच्या पैशांच्या नोंदी आणि त्याचे मेसेज जोडले. काय ठरलं होतं याचा कागद असता तर बाजू भक्कम झाली असती. म्हणून किती लिटर, कोणत्या तारखेला, फिल्टरचं काय धुणार आणि कशात, हे आधी लिहून घ्या.

तपासायला आरओसाठी वापरतात तो टीडीएस पेन पुरतो. समजा टँकचा टीडीएस 600 आणि नळाचा 200 आहे. खरंच तीस टक्के पाणी बदललं असेल तर नंतर तो 480 च्या आसपास यायला हवा. तसाच राहिला तर पाणी बदललेलं नाही, काच कितीही चमकू दे. आणि कुणी “सगळं पाणी काढून धुऊ” म्हणाला तर आधी पीएच मोजा. टँक आणि नळ यांत मोठा फरक असेल तर रोज थोडं थोडं बदला.

उरलेल्या एका ऑस्करसाठी आम्ही तसंच केलं. रोज शंभर लिटर, औषध मोजून, आठवडाभर खाणं बंद. शेजारच्या गल्लीतल्या एका जुन्या टँकमधल्या मूठभर रिंग्ज आणून आमच्या फिल्टरमध्ये घातल्या. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि त्याच्यापासून बनणारा, तोही विषारी, नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. आता लहान पंप लावून पाणी मीच काढते, लिंबाच्या आळ्यात. हे खुर्चीत बसून बादल्या मोजतात आणि त्याच वहीत लिहितात. फेब्रुवारी ते दिवाळी ही पानं मात्र त्यांनी कोरी ठेवली आहेत.