सिंगापूरची छोटी क्रूझ आणि तिच्यावरचा कॅसिनो

सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची क्रूझ आता मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांच्या पत्रकांत ठळकपणे झळकते, आणि तिचा दर अनेकदा इतका माफक असतो की तेवढ्या पैशांत सिंगापुरातले बरे हॉटेलही मिळू नये. हा दर खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. जहाज कंपनी भाड्यात जे सोडते, ते बार, दुकाने, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली आणि कॅसिनो यांतून भरून काढते. त्यामुळे पॅकेज स्वस्त आहे की महाग, याचा निवाडा कॅसिनोला बाजूला ठेवून करता येत नाही, आणि जो प्रवासी पत्त्यांना हातही लावणार नाही त्यालासुद्धा हे माहीत असलेले बरे.

या मार्गावर भारतीयांच्या सर्वाधिक परिचयाचे जहाज म्हणजे ‘गेंटिंग ड्रीम’. जर्मनीतील पापेनबुर्ग येथे मायर वेर्फ्ट या गोदीने २०१६ साली बांधलेले हे जहाज ३३५ मीटर लांब आणि सुमारे दीड लाख टनांचे असून त्यावर तीन हजारांहून अधिक प्रवासी मावतात. आधीची मालक कंपनी बुडाल्यानंतर जून २०२२ मध्ये ते त्या वेळच्या ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस’च्या नावाने सिंगापूरहून धावू लागले. या कंपनीमागचे लिम घराणे म्हणजेच मलेशियातल्या डोंगरावर १९७१ साली गेंटिंग हायलँड्स या कॅसिनो-रिसॉर्टचा कारभार सुरू करणारे घराणे, हे लक्षात घेतले की जहाजावर कॅसिनोला एवढा मान का, हा प्रश्न पडत नाही. दुसरा पर्याय ‘रॉयल कॅरिबियन’च्या जहाजांचा असतो, ती हंगामाप्रमाणे बदलतात. जलतरण तलाव, नाट्यगृह, मुलांसाठीच्या सोयी यांत दोन्हीकडे फारसे उणे काढता येणार नाही, आणि शाकाहारी व जैन जेवणाची सोय आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवली तर पोटाचीही आबाळ होत नाही.

निवड करताना जहाजाच्या छायाचित्रांपेक्षा मार्गाचा तक्ता अधिक बोलका असतो. बंदरात आणि किनाऱ्यालगतच्या हद्दीत असताना जहाजावरचा कॅसिनो बंद ठेवावा लागतो. जहाज बाहेरच्या समुद्रात गेले की तो उघडतो. त्यामुळे ज्या दोन रात्रींच्या सफरीत एकही बंदर नाही, जहाज नुसते समुद्रात फिरून परत येते, ती सफर मुख्यतः खेळणाऱ्यांसाठी आखलेली असते, मग पत्रकावर चित्र घसरगुंडीचे असो वा सूर्यास्ताचे. आई-वडील आणि मुले बरोबर असतील तर पेनांगला थांबणारी सफर मी निःसंकोच सुचवीन, कारण तिथे जहाज थेट जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेले जुने शहर धक्क्यापासून पायी फिरता येते; कंपनीची महागडी सहल घेण्याची गरजच उरत नाही. पोर्ट क्लांगचे तसे नाही. तिथून क्वालालंपूर चाळीस किलोमीटरच्या आसपास असल्याने दिवसाचा मोठा भाग बसमध्येच जातो. फुकेतला बरीच मोठी जहाजे पटाँगसमोर नांगर टाकतात व प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, हे गुडघेदुखी असलेल्यांनी आधीच विचारून घ्यावे.

व्हिसाबाबत एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे, पण ती महत्त्वाची आहे. क्रूझहून परतणे म्हणजे सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करणे होय. त्यामुळे व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे याची खात्री करावी आणि आगमनाचे ऑनलाइन कार्डही दुसऱ्यांदा भरावे लागेल हे गृहीत धरावे.

आता कोटेशनकडे वळू. आमच्या हाती आलेल्या एका कोटेशनमध्ये बंदर शुल्क होते, पण जहाजावरची सक्तीची टिप ‘अतिरिक्त’ या एका शब्दात उरकलेली होती. हा शब्द स्वस्त नसतो. ‘रॉयल कॅरिबियन’ने २०२३च्या अखेरीस साध्या केबिनसाठी माणशी रोज १८ अमेरिकी डॉलर असा दर जाहीर केला होता. त्या दराने चार जणांच्या कुटुंबाला चार रात्रींसाठी २८८ डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या आसपास, मोजावे लागतात, आणि लहान मुलालाही त्यातून सूट नसते. मद्याच्या पॅकेजची अट आणखी चमत्कारिक आहे: एका केबिनमधील एका प्रौढाने ते घेतले तर त्या केबिनमधील बाकीच्या प्रौढांनाही घ्यावे लागते, शिवाय त्यावर १८ टक्के सेवाशुल्क चढते. पती ‘घेणारा’ आणि पत्नी ताक पिणारी असेल, तर पेल्यागणिक पैसे देणेच शहाणपणाचे ठरते. परदेशी पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, पुढे विवरणपत्रात वळता होतो, म्हणून दोन कंपन्यांच्या दरांची तुलना तो वगळून करावी.

केबिन निवडताना जहाजाचा मजलावार नकाशा मागून घ्यावा. अनेक जहाजांच्या कॅसिनोत धूम्रपानाला मुभा असते, आणि वर किंवा खाली लागून असलेल्या केबिनांना रात्री उशिरापर्यंत आवाजाचा आणि कधी वासाचाही उपद्रव होतो. स्वस्तात ‘आमच्या पसंतीची केबिन’, म्हणजे कंपनी ठरवील ती, देणाऱ्या योजनेत नेमक्या अशाच केबिना वाट्याला येण्याची शक्यता अधिक असते.

कॅसिनोविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे त्याची चर्चा ‘नशीब’ या एका शब्दावर संपते. प्रत्यक्षात तिथे नशिबाइतकेच महत्त्व टेबलावरच्या छोट्या पाटीला असते. रूलेटचे चाक पाहावे. त्यावर १ ते ३६ हे आकडे असतात आणि नेमका आकडा लागला तर एकास पस्तीस मिळतात. कॅसिनोचा फायदा शून्याच्या घरांतून येतो. एकच शून्य असेल तर तुमच्या प्रत्येक शंभरातले सरासरी २.७० त्याच्या गल्ल्यात जातात, दोन शून्ये असतील तर ५.२६ आणि अलीकडे दिसू लागलेल्या तीन शून्यांच्या चाकावर ७.६९. दर फेरीला दहा डॉलर लावून तासाला चाळीस फेऱ्या खेळणाऱ्या माणसाला पहिल्या चाकावर तासामागे सरासरी अकरा, तर तिसऱ्यावर एकतीस डॉलर खर्च येतो. चाके दिसायला सारखी, दिवे सारखे, हसून स्वागत करणारा डीलरही सारखाच.

ब्लॅकजॅकच्या टेबलावर ‘तीनास दोन’ लिहिले आहे की ‘सहास पाच’, हे बसण्याआधी वाचावे. पहिल्या दोन पानांत एकवीस झाले तर दहा डॉलरवर पहिल्या नियमाने पंधरा मिळतात, दुसऱ्याने बारा. एवढ्याशा फरकाने कॅसिनोची बाजू जवळजवळ १.४ टक्क्यांनी जड होते. आशियाई मार्गांवर सर्वाधिक गर्दी बाकारात या पत्त्यांच्या खेळाला असते; ‘बँकर’ आणि ‘प्लेयर’ या दोन बाजूंपैकी कोणती जिंकेल, यावर पैसे लावायचे. त्यात ‘बँकर’वरचा तोटा १.०६ टक्के आणि ‘प्लेयर’वरचा १.२४ टक्के, म्हणजे कॅसिनोतल्या सौम्य खेळांपैकी हा एक. पण ‘टाय’ला, म्हणजे बरोबरीला, एकास आठ देण्याचे आमिष स्वीकारले की तोच तोटा १४ टक्क्यांपुढे जातो.

मराठी मंडळी हमखास ओढली जातात ती थ्री कार्ड पोकरकडे, कारण ते तीन पत्तीसारखे दिसते. साम्य वरवरचे आहे. तीन पत्तीत ट्रेल (एकाच आकड्याची तीन पाने) सर्वांत वरचढ, तर इथे एकाच रंगातली सलग तीन पाने ट्रेलला मारतात. त्याहून मोठा फरक असा की समोर मित्र नसून कॅसिनो बसलेला असतो, आणि डीलर घाबरून पाने टाकत नाही. त्यामुळे दिवाळीच्या रात्री कामी येणारी सारी ब्लफबाजी इथे निरुपयोगी ठरते. राणी-सहा-चार किंवा त्याहून चांगली पाने आली तर खेळावे, नाहीतर टाकून द्यावीत, एवढाच काय तो डावपेच. बाकी सगळे मनोरंजन.

मांडवीतल्या कॅसिनोंची सवय असलेल्यांचा इथे थोडा गोंधळ होतो. पणजीला नदीत नांगरलेल्या बोटीवर प्रवेशशुल्क भरले की त्यातच जेवण, मनोरंजनाचा कार्यक्रम आणि खेळायच्या काही चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) मिळतात. त्या चिप्स बहुधा एकदाच लावता येतात, जिंकले तर जिंकलेली रक्कम घ्यायची, पण मूळ चिप परत करून पैसे मिळत नाहीत. क्रूझवर असे प्रवेशशुल्क नसते आणि जेवण भाड्यातच आलेले असते, म्हणजे आत जाऊन एक डॉलरही न लावता बाहेर येता येते. उलट केबिनच्या कार्डावर पैसे उचलण्याची सोय गोव्यापेक्षा धोक्याची, कारण काही जहाजांवर अशा उचलीवर शुल्क लागते आणि आकडा समोर दिसतो तो थेट शेवटच्या बिलात. ठरवलेली रोख रक्कम खिशात आणि कार्ड केबिनच्या तिजोरीत, ही व्यवस्था मला सर्वांत सोयीची वाटते.

खरोखर खेळायचेच असेल, तर जहाजावर का खेळावे हा प्रश्न सिंगापूरच्या बाबतीत विशेष लागू पडतो. मरीना बे सँड्स आणि सेंटोसा येथील दोन्ही कॅसिनो २०१० पासून सुरू आहेत. स्थानिक रहिवाशांना तिथे चोवीस तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात, परदेशी पाहुण्याला मात्र वयाची एकवीस वर्षे पूर्ण असतील तर पासपोर्ट दाखवून मोफत प्रवेश मिळतो. तिथे टेबलांची निवड मोठी आहे आणि न आवडल्यास टॅक्सीने दुसरीकडे जाता येते; समुद्रात शेजारचे दुकान नसते, आणि नियम कडक करायला जहाजाला तेवढे कारण पुरते. म्हणून सिंगापूरच्या क्रूझला मी पेनांगच्या गल्ल्यांसाठी आणि डेकवरच्या वाऱ्यासाठी चांगले गुण देईन, तिच्यावरच्या कॅसिनोला पावसाळी संध्याकाळच्या विरंगुळ्याइतकेच. कॅसिनोच्या कार्डावर गुण (पॉइंट) साठवून पुढच्या सफरीत ‘मोफत केबिन’ मिळते हे खरे. पण बंदर शुल्क, टिप आणि मुंबईहून विमानाचे तिकीट त्या मोफतमध्ये नसते, आणि ते गुण जिंकलेल्या पैशांवर नव्हे तर लावलेल्या पैशांवर मोजले जातात. जिंकणाऱ्यासाठीही एक सूचना: अशा कमाईवर भारतातल्या रहिवाशाला ३० टक्के दराने कर भरावा लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही.

शेवटच्या रात्री चिप्स आणि यंत्रातून निघालेल्या पावत्या झोपण्यापूर्वीच कॅशियरकडे वटवून घ्याव्यात, कारण सकाळी जहाज सिंगापूरच्या हद्दीत शिरलेले असते, कॅसिनो कुलूपबंद असतो आणि त्या चिप्स दुसऱ्या कोणत्याही कॅसिनोत चालत नाहीत. त्याच वेळी बिलाची प्रत मागून ती ओळीने तपासावी. चुकून लागलेली रक्कम खिडकीपाशी उभे राहून काढून घेणे सोपे जाते, मुंबईला पोहोचून ईमेल पाठवत बसणे नाही.