जॉर्डन पास: जोडप्याने पेट्रा निवांत पाहायचे असेल तर

जॉर्डनमधील प्राचीन अवशेष पाहण्यासाठी आम्ही पती-पत्नींनी जॉर्डन पास, म्हणजे अनेक पर्यटनस्थळांचे एकत्रित प्रवेशपत्र, घेतला आणि तो निर्णय सर्वार्थाने योग्य ठरला. पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन नगरीत एक, दोन की तीन दिवस प्रवेश हवा आहे त्यानुसार त्याची किंमत ७०, ७५ किंवा ८० दिनार असून, देशात पोहोचण्यापूर्वी तो विकत घेऊन तिथे किमान तीन रात्री मुक्काम केल्यास व्हिसाचे ४० दिनारही माफ होतात. दोन दिवसांचाच पास घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगू; कारण सीक ही सुमारे सव्वा किलोमीटर लांबीची अरुंद घळ ओलांडून नबाती या प्राचीन अरब लोकांच्या कारागिरांनी गुलाबी वालुकाश्मात कोरलेल्या अल-खझ्ना या वास्तूसमोर उभे राहिले की तिथून पाय निघत नाही, आणि अद-देर या उंचावरील कोरीव वास्तूच्या सुमारे ८०० पायऱ्या त्याच दिवशी उन्हात चढल्यास ती भव्य वास्तू डोळे भरून पाहण्याचे त्राण उरत नाही. जेराशची रोमन नगरी, अम्मानचा प्राचीन किल्ला आणि वादी रम या वाळवंटी खोऱ्याचा प्रवेशही या पासात समाविष्ट आहे. मेणबत्त्यांच्या उजेडातील रात्रीच्या पेट्राचे तिकीट मात्र स्वतंत्रपणे काढावे लागते.