‘नवी’ एसएसडी आधीच १८ हजार तास चाललेली होती

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं लहानसं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, पोरांची स्कॉलरशिप, सगळं एकाच कम्प्युटरवर. तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, पाणी शिंपडायचं, उदबत्ती लावायची, तेव्हा कुठं तो तयार व्हायचा. लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. दिवाळीनंतर प्रिंटरची शाई आणायला तालुक्याला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, अजून दहाच चालवता का? कवाबी बंद पडते तो. मंग लोकायचे फारम कायच्यावर भरसान?"

हे साफ खोटं होतं. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेची नवी अपडेट येणं थांबलं, मशीन थांबत नाही. तीसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेत राहायची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली होती. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आठवडाभर पोटात गोळा घेऊन बसलो आणि मग पोराला मोटरसायकलवर मागं बसवून, त्याच्या मांडीवर सीपीयू देऊन तालुका गाठला.

४,२०० रुपयांत ठरलं. हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डाटा ठेवणारी ५१२ जीबीची नवी एसएसडी, त्यावर ‘ओरिजिनल’ विंडोज ११, डाटा जसाच्या तसा. संध्याकाळी घ्यायला गेलो तेव्हा जुनी हार्डडिस्क मागितली. "थे कामातून गेल्ती. भंगारात टाकली. डाटा निंगाला हेच नशीब समजा." एसएसडीचा डबा मागितला. "लॉटात येते माल, डबा नसते त्याले." हातात कच्चं बिल: एसएसडी, १ नग. सिरीयल नंबर नाही, कंपनी नाही. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बटण दाबलं. वीस सेकंदांत चालू! उदबत्ती हातातच होती. त्या वीस सेकंदांनीच माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावर काटा सरकतो, मग डाटा सापडतो. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, त्यामुळं झिजलेली एसएसडीसुद्धा जुन्या हार्डडिस्कपुढं पळते. फसवणाऱ्याला याहून सोयीचा माल कुठला? मी तर इतका खूश, की गावातले आणखी दोघं त्याच्याकडं पाठवले.

जानेवारीत मशीन मधूनच दोन-दोन मिनिटं गोठायला लागलं. संक्रांतीला पुतण्या आला, अमरावतीला इंजिनियरिंगला आहे. त्यानं डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. वर पिवळ्या चौकोनात ‘कॉशन’, म्हणजे सावधान, बाजूला ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे आजवर चाललेले तास, १९,३४०.

"काका, दुकान किती तास उघडं असते?"

दहा तास धरले तरी अडीच महिन्यांचे साडेसातशे होतात. उरलेले साडेअठरा हजार कुणाचे? रात्रंदिवस चालली असं धरलं तरी दोन वर्षांहून जास्त. कुठल्यातरी ऑफिसातून काढलेला माल मला नवा म्हणून लावला होता.

मग त्यानं विंडोजमधलं ‘रन’ उघडून अॅक्टिव्हेशन तपासायची एक कमांड टाकली. ‘ओरिजिनल’ विंडोजला कायमचं अॅक्टिव्हेशन असतं, माझ्या स्क्रीनवर ते मे महिन्यात संपायची तारीख आली. कंपन्यांच्या शेकडो कम्प्युटरांसाठी असलेली १८० दिवसांची पद्धत चोरवाटेनं वापरलेली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझ्याकडं दोन्ही नाही. ती तपासणीच चुकवून टाकलं होतं.

पुतण्या म्हणाला, डाटा आत्ताच पेनड्राइव्हवर घ्या. मी म्हटलं, सण होऊ दे. इथं चूक माझी, दुकानदाराची नाही.

तिसऱ्या दिवशी एसएसडी गेली. हार्डडिस्क मरायच्या आधी पुष्कळदा कटकट करते, कण्हते, माणूस सावध होतो. ही चकार शब्द न बोलता गेली. मशीन चालू होताना विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसमध्येही नाव दिसेना.

दुकानदार आधी म्हणाला, तुमच्याकडची लाइन कमी-जास्त होते, वॉरंटीत बसत नाही. मी डाटाचं रडगाणं लावलं तेव्हा आवाज मऊ करून म्हणाला, "जुनी हार्डडिस्क असन इथंच कुठंतरी. शोधून पाहतो. दोन हजार लागतीन."

भंगारात टाकलेली हार्डडिस्क! तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. जी कामातून गेली होती, तिच्यावरून एका दुपारीत सगळा डाटा निघाला कसा? त्या डिस्कवर अर्ध्या गावाचे आधार, पासबुकं, जातीचे दाखले स्कॅन करून पडले होते. ते मी साठवायलाच नको होते, ही वेगळी गोष्ट. पण ते अडीच महिने त्याच्या खणात होते.

मी मोबाइलवर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर काढून काउंटरवर ठेवला. कच्च्या बिलावर माझी बाजू किती टिकली असती, मलाच शंका होती. पण ५०० रुपयांत डिस्क मिळाली. एसएसडीचे पैसे गेले ते गेलेच.

आता मशीन दुरुस्तीला टाकलं की जुनी डिस्क, मेलेली असली तरी, मी परत आणतो. नव्या एसएसडीचे तास दुकानातच पाहतो, दहा-वीसच्या वर दिसले तर पैसे देत नाही. बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतो.

घरी येऊन ती जुनी हार्डडिस्क पुतण्याच्या लॅपटॉपला लावली. निळा चौकोन, ‘गुड’. मग गावातल्या त्या दोघांना फोन केला. एकाच्या एसएसडीचे बावीस हजार तास निघाले. दुसरा अजून माझा फोन उचलत नाही.